मेलीचा मंत्र

कबरीनं लाथ झाडली ती नेमकी बादलीवर. बादली गडगडत गव्हाणीखाली गेली, तळाला जमलेलं चूळभर दूध शेणात मिसळलं आणि थोरली उकिडवी बसली होती ती तशीच मागं कलंडली. गोठ्याच्या दारात सून वैरण घेऊन उभी होती. तिनं हसू दाबलं. पण दाबलेलं हसू आणि ओलं लाकूड, दोन्ही धूर सोडल्याशिवाय राहत नाहीत.

"दात काय दाखवतेस?" थोरली उठत म्हणाली. "दात बघून गाय पान्हावत असती तर तुलाच बसवलं असतं इथं."

सून वैरण टाकून गुपचूप निघून गेली. बाहेर थंडी मी म्हणत होती. रात्रभर पडलेल्या दहिवरानं अंगणातली माती काळी, चिकट झाली होती. वैरणीच्या गंजीतून वाफ निघत होती, जशी काही आत कुणी चूल पेटवून बसलंय. थोरलीनं कंबर चोळली, बादली उचलली आणि भरल्या बाजारात अपमान करणाऱ्या भावजयीकडं बघावं तसं गाईकडं बघितलं. गाय तोंड फिरवून उभी राहिली.

गावात थोरलीच्या हाताचं नाव होतं. कुणाची पहिलटकरीण बुजली, कुणाची म्हैस अडली, कुणाची शेळी पिलाला जवळ घेईना, की माणूस थोरलीच्या दारात. ती जाऊन नुसती शेजारी बसायची, पाठीवरून हात फिरवायची, दोन शिव्या हासडायची, आणि जनावर धार सोडायचं. तिच्या जिभेला गाव भ्यायचं आणि हाताला जनावरं भुलायची. स्वतःच्या गोठ्यात तर तिच्याशिवाय कासेला कुणाचा हात लागत नव्हता. सुनेनं नव्या नवलाईत एकदा हौसेनं बादली उचलली होती. त्या दिवसापासून ती गोठ्यात यायची ती फक्त शेण काढायला आणि वैरण टाकायला.

आणि आता त्याच हाताला कबरी लाथ मारत होती. तिचं वासरू जन्मतःच मरतुकडं होतं, थंडीनं गेलं. थोरलीनं, गाय पाण्यावर गेलेली बघून, ते उचलून नेलं. गाय परत आली तो खुंट्याला नुसतं दावं. तिनं खुंटा हुंगला, दावं हुंगलं, आणि पान्हा चोरला. पान्हा चोरणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी गाय नाही त्याला कळायचं नाही. दूध नसतं असं नाही. दूध कासेत तटतटलेलं असतं, पण गाय ते वर ओढून धरते. द्यायचं नाही म्हणजे नाही. माणसंही करतात तसं, फक्त त्यांची कास दिसत नाही.

थोरलीला लाथेचं एवढं दुःख नव्हतं. दुःख होतं ते अंगण झाडणाऱ्या बाईनं लाथ बघितली याचं. ती बाई म्हणजे तिची धाकटी बहीण.

घरात भाऊ नव्हता, दोघीच. थोरली दहा वर्षांनी मोठी. आईबाप उजाडल्यापासून रानात, म्हणून धाकटीला वाढवलं ते थोरलीनं, पाठीला बांधून. पाठीवर पोर आणि हातात खराटा, असं तिचं पोरपण गेलं. ती पाठीवरची पोर विशीच्या आत डोकं भादरून टेकडीवरच्या मठात गेली, तेव्हा सगळं गाव तिला वेशीपर्यंत सोडायला आलं. कालपर्यंत तिचं नाक पुसणाऱ्या बायका तिच्यापुढं हात जोडून उभ्या राहिल्या. आई रडली ती अभिमानानं. थोरलीला त्याच घरात घरजावई बघून दिला, शेताला माणूस हवा म्हणून. तिला वेशीपर्यंत कुणी सोडलं नाही, कारण ती कुठं गेलीच नाही. आई मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझी एक लेक देवाची आहे. दुसरी कुणाची हे कुणी विचारलं नाही. थोरलीच सांगायची, "दुसरी शेणाची." लोक हसायचे. ती हसायची नाही.

आईबापाची दुखणी तिनं काढली. नवऱ्याला तिनं पोचवला, पोराला तिनं मार्गी लावला. आणि आईनं शेवटचं पाणी मागितलं तेव्हा ते पाजणाऱ्या हाताकडं न बघता विचारलं होतं, "धाकटीला कळवलं का?" आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ते असं. राबायचं हिनं आणि पुण्य खात्यावर पडायचं तिच्या.

सुगी सरता सरता एका दुपारी ही देवाची लेक गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. डोक्यावर बोटभर वाढलेले पांढरे केस, अंगात कुणाचे तरी उतरलेले कपडे. म्हणाली, "मी मठ सोडला, अक्का. राहू का?"

थोरली हो म्हणाली, तेही लगेच. खरं तर तिला आतून उकळ्या फुटल्या होत्या. तिच्या डोळ्यापुढं चित्र उभं राहिलं. धाकटी कोपऱ्यात मान खाली घालून बसली आहे, गाव नावं ठेवतंय, आणि आपण दारात उभं राहून गावाला सुनावतोय, की चुकली असेल पण माझी बहीण आहे. मोठं मन दाखवायची एवढी चांगली संधी आयुष्यात पहिल्यांदाच चालून आली होती.

पण गावानं नावं ठेवलीच नाहीत. उलट चार दिवसांत अंगणात बायका यायला लागल्या. पहिली आली कुंभारीण, जिचं तोंड तिच्या चाकापेक्षा जास्त फिरायचं. "माई आहेत का?" म्हणाली. थोरलीला क्षणभर कळेना ही माई कोण. धाकटीनं सरळ सांगितलं, की बाई, मी ते सगळं सोडलंय, माझ्याकडं आशीर्वाद नाही, अंगारा नाही, काही नाही. कुंभारीण म्हणाली, नसू दे, मी नुसती बसते. आणि बसली. सासू अंथरुणाला खिळलेली, पोरगी घर सोडून गेलेली, सगळं ओकली. धाकटीनं उपदेशाचा शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्या म्हातारीचे पाय तेवढे रगडून आली. मग काय विचारता! जिकडंतिकडं माई. लोहाराची बायको माईकडं, शिंप्याची आई माईकडं. थोरलीच्या दारात माणसं पूर्वीही यायची, पण ती जनावरांसाठी. हिच्याकडं माणसं माणसांसाठी यायला लागली. आयत्या बिळात नागोबा म्हणतात, इथं बीळही थोरलीचं, आणि वर नागोबाला चहाही तिनंच करायचा.

थोरलीनं हळूच एक काडी टाकून बघितली. पाणवठ्यावर बोलली, की माई-माई काय करता, ती साधे हात जोडत नाही, देवळाची पायरी चढत नाही, जेवायला बसताना देवाचं नाव घेत नाही. तिला वाटलं आता पेटेल. कुंभारीण म्हणाली, "बघा ना अक्का, केवढ्या पोचलेल्या आहेत. त्यांना आता नाव घ्यायचीसुद्धा गरज उरली नाही."

थोरलीनं घागर अशी उचलली की अर्धं पाणी तिच्याच पायावर सांडलं.

अशात कबरीचं हे असं. गोठ्यात पहिल्यांदाच तिचा हात फसला आणि तो नेमका बहिणीच्या डोळ्यांदेखत. कबरी म्हणजे आईच्या गाईची पणती. आईनं लावलेल्या वेलाचा एवढाच कोंब गोठ्यात उरला होता. ढोरांचा डॉक्टर येऊन सुई टोचून गेला. जाताना म्हणाला, दूध निघालंच पाहिजे, नाहीतर कास सडेल आणि गाय हातची जाईल. तेव्हा थोरलीनं जुना उपाय काढला. मेलेल्या वासराचं कातडं राखून ठेवलं होतं. त्यात पेंढा भरला, शिवलं, चार काठ्यांवर उभं केलं आणि गाईपुढं ठेवलं.

कबरीनं हुंगलं. चाटलं. डोळे मिटून चाटत राहिली आणि कासेतून धार सुटली. थोरलीनं मान वर करून अंगणाकडं बघितलं, की बघतेय ना ती. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी चाटता चाटता पोटाची शिवण उसवली, पेंढ्याच्या काड्या बाहेर आल्या. कबरी थांबली. तिनं एक काडी दातात धरून ओढली, चावली, आणि मग वासराकडं नाही, थोरलीकडं बघितलं. तिथून पुढं एक थेंब नाही.

"शिवून घेते परत," थोरली पुटपुटली.

"नको अक्का." धाकटी कधी येऊन मागं उभी राहिली होती कोण जाणे. "तिला कळलंय आता ते पेंढ्याचं आहे."

"तुला काय कळतं गं गाईतलं? टेकडीवर बसून टाळ्या पिटल्यास जन्मभर. इथं आम्ही शेणात हात घातले म्हणून गाई उभ्या आहेत."

"गाईतलं नाही कळत. पेंढ्यातलं कळतं." धाकटी त्या उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवत होती. आवाजात तक्रार नव्हती, गाऱ्हाणं नव्हतं. "मीही बरीच वर्षं असंच एक चाटत होते. फार सुंदर शिवलेलं होतं. वास तोच, रंग तोच. चाटत होते आणि दूधही देत होते. मग एक दिवस काडी लागली दाताला."

थोरलीच्या अंगावर काटा आला. पण पहिला विचार मनात आला तो हा, की मठ सोडल्याचं इतकं चांगलं कारण ही इतक्या थोडक्यात सांगते, आणि आपल्याला साधं सुनेवर का चिडलो हे सांगायला सकाळची दुपार लागते. ते आणखीच झोंबलं. म्हणाली, देवाच्या घराला पेंढा म्हणालीस हे गावाला सांगू का? धाकटी म्हणाली, सांग की. आणि मग जरा थांबून, "मी बसू का तिच्यापाशी थोडा वेळ?"

"माझ्या गोठ्यात माझ्याशिवाय कासेला हात नाही."

"कासेला नाही लावणार."

"नाही म्हणजे नाही."

थोरलीनं त्याच दिवशी पोराला पाठवून दलालाला निरोप दिला, की येत्या बाजाराच्या दिवशी गाय घेऊन जा. आटलेली, रुसलेली जनावरं तो कुठं नेतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सुनेनं त्या रात्री ताटं जरा जास्तच आपटली. पोरगा म्हणाला, आई, आजीच्या गाईचा वेल आहे. थोरली म्हणाली, कास सडून दारात मरण्यापेक्षा गेलेली बरी. मनात होतं ते वेगळंच. दारात मेली तर गाव म्हणेल थोरलीचा हात गेला. दलालानं नेली तर म्हणता येईल, विकली.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायला ती बादली घेऊन निघाली, आणि गोठ्याच्या दाराशीच थबकली. आत धाकटी होती. पेंढ्याचं वासरू गव्हाणीपुढून काढून बाहेर गंजीमागं टाकलं होतं. धाकटी जमिनीवर बसलेली, कपाळ कबरीच्या कुशीला टेकवलेलं, हात स्वतःच्या मांडीवर. कासेला हात नव्हता, शब्दाची पक्की. ओठ मात्र हलत होते. मठातल्या संथ, लांबलचक चालीवर काहीतरी गुणगुण चालली होती, विहिरीच्या तळातून यावी तशी. आणि कबरी उभी होती, डोळे अर्धे मिटून, कान लोंबते सोडून. तिच्या सडांतून दूध आपोआप टपकत होतं. थेंब थेंब, शेणात.

थोरलीनं बादली हळूच खाली टेकवली. लाथ सोसली असती. पण हे नाही. आईनं शेवटचं पाणी तिच्या हातून पिताना नाव हिचं घेतलं होतं, आणि आता आईची गायही हात तिचा सोडून पान्हा हिला सोडत होती. ती मागच्या मागं फिरली, चुलीपाशी जाऊन बसली आणि विझलेली चूल फुंकत राहिली.

फुंकता फुंकता तिच्या डोक्यात उजेड पडला. मंत्र! हो, मंत्रच असणार. मठ सोडला, कपडे सोडले, नेमधर्म सोडला म्हणते, पण एक खणखणीत मंत्र तेवढा गाठोड्यात बांधून आणलाय. म्हणून तर गाव मागं लागलंय. म्हणून तर गाय वितळली. हातात काही नाही म्हणणाऱ्याच्या मुठीतच असतं. आणि मंत्र म्हटला की तो काही कुणाच्या बापाचा नसतो. ज्याच्या तोंडी बसेल त्याचा.

तिनं आधी सुनेला कामाला लावलं. उद्या शेण काढायला लवकर जा आणि मावशी काय म्हणते ते नीट ऐकून ये. सुनेनं ऐकलं आणि येऊन सांगितलं, की सासूबाई, फार ओढून म्हणतात, कळत नाही. पण मध्ये मध्ये सारखं मेली, मेली असं काहीतरी आहे.

"मेली? वासरू मेलं त्याचं असेल."

"असेल. मला तर रडू आलं ऐकून."

"तुला कांदा बघूनसुद्धा येतं," थोरली म्हणाली आणि ठरवलं, की दुसऱ्याच्या कानानं मंत्र मिळत नाही.

बाजाराच्या आदल्या पहाटे ती गोठ्यामागं गंजीला पाठ लावून दबून बसली. ते पेंढ्याचं वासरू तिथंच पडलं होतं, दहिवरानं भिजलेलं, एक डोळा शिवलेला. जणू दोघंही कान देऊन ऐकत होती. भिंतीच्या फटीतून गुणगुण यायला लागली. अक्षर न् अक्षर ताणलेलं, एका शब्दात दोन श्वास. थोरली ओठ हलवत एकेक तुकडा गोळा करत गेली. नीज. मेले. झीज. मग रानात, रानात, कानात. मग टाकीन. मग काढीन. आणि तिथून पुन्हा पहिल्यापासून.

केवढा खोल अर्थ होता! थोरली शाळेत दोन पावसाळे गेलेली, पण एवढं तिला कळलं. देह झिजतो आणि मरतो. देव रानात आहे तसाच कानात आहे. संसारात टाकणारा तोच आणि वर काढणारा तोच. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आणि लगेच राग आला, की एवढा मोठा मंत्र हिच्या वाट्याला आणि आपल्या वाट्याला शेण.

धाकटी गोठ्यातून बाहेर पडून कुंभारणीच्या सासूचे पाय रगडायला गेली, तशी थोरली आत शिरली. दार लोटून घेतलं. आज दूध निघालं तर गाय राहते, नाहीतर उद्या दलाल. कबरीच्या कासेखालची जमीन ओली होती, पण कास अजून निम्मी टणक. नुसत्या टपकण्यानं ती मोकळी व्हायची नव्हती. तिथं हात पाहिजे होता. थोरलीनं सडांना तेल लावलं, बादली गुडघ्यांत धरली. मग आठवण होऊन उठली, हात धुतले, डोक्यावरचं फडकं नीट केलं, हात जोडले आणि डोळे मिटून, मठातल्या चालीवर, जमेल तेवढ्या भक्तीनं सुरू केलं.

"नी...ज गं... मे...ले... नी...ज गं..."

कबरीनं कान उभा केला.

"पाठीची झा...ली... झी...ज गं..."

हे 'पाठीची' कुठून आलं? ते तर ऐकू आलं नव्हतं. थोरलीनं तिकडं दुर्लक्ष केलं. मंत्रात मध्ये थांबलं की फळ जातं म्हणतात.

"आई रानात, बाप रानात, किरकिर तुझी माझ्या कानात..."

आता चाल मठाची राहिली नव्हती. जीभ आपली आपण पळायला लागली होती, खराट्याच्या तालावर, कंबरेला झोका देत. "उद्या विहिरीत टाकीन गं, परवा वाकून काढीन गं..." गुणगुण इथंच संपत होती. इथून पुन्हा पहिल्यापासून. पण थोरलीचं तोंड थांबलं नाही.

"नाही सापडलीस तर मेले, मीच उडी मारीन गं."

तिनं डोळे उघडले. जोडलेले हात तसेच राहिले. गोठा तोच, गाय तीच, आणि पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, जिथं कित्येक वर्षांत कुणी डोकं टेकवलं नव्हतं, तिथं ऊब आल्यासारखी वाटली. हा मंत्र नव्हता. ही शिवी होती. तिचीच. अकरा-बारा वर्षांच्या, कामानं पिचलेल्या, पाठीवरच्या किरकिऱ्या ओझ्याला कंटाळलेल्या एका पोरीनं अंगण झाडताना रचलेली.

दाराची कडी वाजली. आवाज ऐकून वाटेतूनच परतलेली धाकटी उभी होती. तिला बघून थोरलीनं झटकन जोडलेले हात सोडले आणि गाईची गोचीड काढायला लागल्यासारखं केलं.

"हे शेवटचं मला माहीत नव्हतं, अक्का," धाकटी म्हणाली. "उडीचं."

"कसं माहीत असेल? तोवर घोरायला लागायचीस." थोरलीनं गोचीड शोधायचं सोंग चालूच ठेवलं. खाकरून म्हणाली, "आणि हे काय गं? एवढा मोठा मठ, एवढे मोठे ग्रंथ, आणि गाईला म्हणायला तुला हेच सापडलं?"

धाकटी आत येऊन गव्हाणीच्या कडेला टेकली. मठात तिला आजाऱ्यांच्या खोलीत काम होतं, हे तिनं पहिल्यांदाच सांगितलं. एक म्हातारी जायला टेकली होती, जन्मभर देवाचं केलेली, आणि मरायला भीत होती. ठरलेल्या सगळ्या प्रार्थना धाकटीनं म्हटल्या. शब्द नुसतेच पडत होते, पेंढ्यासारखे. म्हातारी हात सोडेना. मग कुठून कोण जाणे, तिच्या तोंडात हे आलं. म्हातारी हसली आणि झोपली. दोन दिवस तेवढंच मागत होती, आणि तेवढ्यावरच गेली.

"मुख्य बाईंनी ऐकलं. देवाच्या घरात मरणाऱ्याला मेली म्हणतेस, म्हणाल्या. माफी माग म्हणाल्या. मी मागायला उभी राहिले, तर तोंडातून शब्दच निघेना." धाकटीनं कबरीच्या गळ्याखाली हात घातला. "अक्का, मी देव सोडला असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं. पण मला कुणीतरी पाठीवर घेतलं होतं, तेवढं सुटत नाही."

थोरलीला बोलायचं होतं. पुष्कळ होतं, गळ्यापर्यंत तटतटलेलं. पण तिनं ते सवयीनं वर ओढून धरलं आणि म्हणाली, "बस त्या बाजूला. कपाळ टेकव तुझं. आणि मठाची चाल नको, माझ्या चालीवर म्हण."

एका कुशीला धाकटी, दुसऱ्या कुशीला थोरली. धाकटी म्हणत होती, थोरली सडांना हात लावत होती. पहिल्या पिळ्याला गाठी आल्या, दुसऱ्याला फाटलेलं, पिवळट पाणी. कबरी कण्हली, पण पाय उचलला नाही. "सोड गं भवाने," थोरली तिच्या कासेशी बोलली, "मी नेलं तुझं लेकरू. तुला न दाखवता नेलं. चुकलं माझं. सोड आता." गाईच्या पोटातून एक लांब सुस्कारा आला, कातडी थरथरली, आणि बादलीच्या पत्र्यावर धार वाजली. मग दुसरी. मग आवाज बदलला, कारण तळ झाकला होता. दोघी बहिणी एकमेकींकडं बघत नव्हत्या. मध्ये गाय होती ते बरं होतं.

दुसऱ्या दिवशी दलाल आला, दोरी खांद्यावर टाकून. थोरलीनं त्याला अंगणाच्या अलीकडंच अडवला.

"मावशी, तुम्हीच तर बोलावलंत," तो कुरकुरला.

"बोलावलंही मी आणि जा म्हणतेही मीच. दोन्ही कामं मी करते, तुला कसला त्रास?"

तो गेला. पण गावाला जे कळायचं ते आधीच कळलं होतं, आणि कळलं होतं ते असं, की माईंनी मंत्र म्हटला आणि मरणाऱ्या गाईला पान्हा फुटला. पाणवठ्यावर दुसरी गोष्ट नव्हती. थोरलीनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग घागर दाणकन खाली ठेवली.

"मंत्र माझा आहे," ती म्हणाली. "मी रचलाय. हिला पाठीला बांधून अंगण झाडत होते तेव्हा."

कुंभारणीनं तिच्याकडं मायेनं बघितलं, जसं ताप चढलेल्या माणसाकडं बघतात. "असू दे अक्का," ती म्हणाली. "बहिणीबहिणीत एवढं मनाला लावून घेऊ नये. तुमचा हातही काही वाईट नाही."

"म्हणून दाखवते की. ऐक. नीज गं मेले, नीज गं..."

"अगंबाई! देवमाणसाला मेली म्हणता?" कुंभारणीनं कानांवर हात ठेवले आणि बाकीच्या बायका घागरी उचलून भराभर निघाल्या. त्याच संध्याकाळी गावात झालं, की थोरली बहिणीवर इतकी जळते, इतकी जळते, की पाणवठ्यावर उभी राहून तिला शिव्या घालते.

आणि जळत ती होतीच. ते काही खोटं नव्हतं. सुंभ जळाला तरी पीळ कुठं जळतो? घरी येऊन तिनं सुनेवर तोंड सोडलं, पोरावर सोडलं, मांजराला पण सोडलं नाही. मग सुनेच्या हातात बादली कोंबली आणि म्हणाली, उद्यापासून माझ्याजवळ येऊन बस, हात बघ माझा कसा चालतो ते. नाहीतर माझ्यामागं हेही त्या माईच्याच नावावर लावतील. सून बादली धरून बघतच राहिली.

पहाटे थोरलीला जाग आली ती गोठ्यातल्या आवाजानं. धाकटी कबरीपाशी बसली होती, आणि आता तिला शेवटची ओळही येत होती. पण जन्माची सवय कुठं जाते? मठाच्या चालीवर लांबवत, एकेका अक्षराला दोन दोन श्वास घेत चाललं होतं. मी...च... उ...डी...

थोरलीनं पांघरूण बाजूला फेकलं आणि अंथरुणातूनच ओरडली, "एवढं लांबवू नकोस गं मेले. तोवर बुडेल की ती."